युद्धवधू अधिनियम, अमेरिकन

अमेरिकन सैनिकांच्या परदेशीय पतिपत्नींना व अज्ञान अपत्यांना आप्रवासविषयक निर्बंधांतून सूट देणारा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा कायदा. तो २८ डिसेंबर १९४५ रोजी संमत झाला व तीन वर्षे अंमलात होता.

पार्श्वभूमी : १९२४ च्या आप्रवास अधिनियमाने पूर्व गोलार्धातील देशांसाठी वार्षिक प्रवेशसंख्या (कोटा) ठरविली व वंशामुळे नागरिकत्वास अपात्र असलेल्या आशियाई लोकांना स्थायिक होण्यास मनाई केली. चँग चॅन खटल्यात (१९२५) सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई अमेरिकन नागरिकांच्या चिनी पत्नींनाही लागू केली. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निर्णयाने चिनी व्यापाऱ्यांच्या पत्नींना मात्र तहाच्या आधारे प्रवेश मिळाला. परिणामतः या बाबतीत नागरिकाचा हक्क परकीय व्यापाऱ्याहून कमी ठरला. १९३० च्या दुरुस्तीने २६ मे १९२४ पूर्वी विवाह झालेल्या चिनी पत्नींनाच सवलत दिली. भगतसिंग थिंड खटल्यातील निर्णयामुळे (१९२३) भारतीयही अपात्र ठरले होते. त्यांची अपात्रता १९४६ मध्ये दूर झाली.

स्वरूप व मर्यादा : १९४५ च्या अधिनियमाने कोट्याची अट व शारीरिक वा मानसिक व्यंगाची आडकाठी दूर केली, वांशिक मनाई मात्र कायम राहिली. त्यामुळे जपानमधील सैनिकांच्या जपानी पत्नींना त्याचा लाभ मिळेना. २२ जुलै १९४७ च्या दुरुस्तीने ही मनाई शिथिल केली. परंतु विवाह त्यापूर्वी किंवा त्यानंतर तीस दिवसांच्या आत झालेला असणे आवश्यक होते. १९५० मध्ये पुन्हा अशीच मुदतबंद सवलत देण्यात आली.

खाजगी विधेयके : सर्वसाधारण कायद्याने दाद न मिळाल्यास विशिष्ट व्यक्तीच्या नावे काँग्रेसमध्ये खाजगी विधेयक मांडता येते. दोन्ही सभागृहांची संमती व राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी मिळाल्यास तेवढ्या व्यक्तीपुरता तो कायदा होतो. एलेन क्नाउफ या जर्मन वंशाच्या युद्धवधूस १९४८ मध्ये गुप्त माहितीच्या आधारे, सुनावणीशिवाय प्रवेश नाकारण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी शासनाचा हा अधिकार मान्य केला. तिच्यासाठी मांडलेले विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले. पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. तथापि या लोकमताच्या रेट्यामुळे तिला सुनावणी मिळाली व नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रवेश देण्यात आला.

१९५२ च्या आप्रवास व राष्ट्रीयत्व अधिनियमाने नागरिकत्वावरील वांशिक निर्बंध रद्द केला आणि नागरिकाच्या पतीस व पत्नीस समान तत्त्वावर कोट्यातून वगळले. त्यामुळे पूर्वी अपवाद म्हणून मिळणारी सवलत कायद्याचा स्थायी नियम बनली.