बोवीची निवड आणि आपली पश्चातबुद्धी

१९ जून १९८४ रोजी अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघांनी नवे खेळाडू निवडले. या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू घेतात, दुबळ्या संघांची पाळी आधी येते. ह्यूस्टनने पहिला घेतला नायजेरियाच्या लागोसचा हकीम ओलाजुवान. पोर्टलंडने दुसरा घेतला सॅम बोवी, उंची ७ फूट १ इंच. तिसऱ्या पाळीला शिकागोने घेतला मायकल जॉर्डन.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. जॉर्डनने शिकागोला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. बोवी पोर्टलंडकडून पाच हंगामांत जेमतेम १३९ सामने खेळला. तेव्हापासून ही निवड मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एक गोष्ट खटकते. उर्दूत ‘फैसला’ वेगळा आणि ‘नतीजा’ वेगळा. मराठीत मात्र कोर्टाचाही निकाल आणि परीक्षेचाही निकालच! पोर्टलंडच्या बाबतीत लोकांनी हा घोळ शब्दापुरता ठेवला नाही. नतीजा पाहून फैसल्याला शिक्षा केली.

त्या दिवशी पोर्टलंडसमोर काय होते? जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांनी वर्षभरापूर्वीच, १९८३ मध्ये घेतला होता. जिम पॅक्सनही होता. कमतरता होती ती उंच सेंटरची. त्यांचे एकमेव अजिंक्यपद, १९७७ चे, बिल वॉल्टन या सेंटरच्याच जोरावर आले होते. ह्यूस्टननेही जॉर्डनला सोडलेच ना? पण हकीमने १९९४ आणि १९९५ मध्ये अजिंक्यपदे आणली, रमजानचे रोजे ठेवून सामने खेळला, आणि ह्यूस्टनला कोणी वेडे म्हणत नाही.

तरी पोर्टलंड निर्दोष नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. नडगीच्या हाडाच्या दुखापतीमुळे बोवी कॉलेजचे दोन पूर्ण हंगाम बाहेर बसला होता. हे तेव्हाच जगजाहीर होते. वॉल्टनच्या पायाच्या दुखण्याने काय होते, ते याच संघाने भोगले होते. डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली खरी. पण २०१२ च्या एका माहितीपटात बोवीने सांगितले की पाय दुखत असूनही आपण दुखत नाही म्हणालो. सगळी रोजीरोटी त्या एका उत्तरावर टांगलेली असताना तेवीस वर्षांचा मुलगा दुसरे काय म्हणणार? त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक हिशेब कोणी मांडत नाही. १९८९ मध्ये बोवी आणि ड्राफ्टमधली एक पाळी देऊन पोर्टलंडने बक विल्यम्सला आणले. ज्या १९८४ च्या ड्राफ्टची टिंगल होते, त्यातच ४६ व्या क्रमांकावर त्यांनी जेरोम कर्सीला घेतले होते. हे दोघे आणि ड्रेक्सलर यांच्यासह संघ १९९० आणि १९९२ मध्ये अंतिम फेरीत पोचला. १९९२ मध्ये हरला तो मात्र जॉर्डनच्याच शिकागोकडून, ४-२ ने!

२००७ मध्ये पोर्टलंडने केव्हिन ड्युरंटला सोडून ग्रेग ओडनला पहिला घेतला. गुडघ्यांनी दगा दिला, पोर्टलंडसाठी ८२ च सामने. लगेच ‘पुन्हा तीच चूक’ झाली. पण ओडनच्या नावावर बोवीसारखे वाया गेलेले दोन हंगाम नव्हते. या दोन निवडी एकाच रांगेत बसवणे मला पटत नाही.