मूत्रपिंडाचा उलटलेला कर्करोग

शस्त्रक्रियेने गाठ किंवा अख्खे मूत्रपिंड काढल्यानंतर तोच कर्करोग त्याच जागी किंवा दूरच्या अवयवात पुन्हा उद्भवणे. बहुतेकांत तो पहिल्या पाच वर्षांत उलटतो. दहा वर्षांनंतर उलटल्याचीही उदाहरणे आहेत, आणि तोवर रुग्णाने तपासणीला जाणे सोडलेले असते. फुप्फुसे, हाडे, यकृत व मेंदू या नेहमीच्या जागा. स्वादुपिंड, अवटू ग्रंथी आणि ग्रहणी, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, या विरळ.

ग्रहणी उजव्या मूत्रपिंडाला लागूनच असते. तिथे उलटलेली गाठ आतड्याची भिंत भेदते तेव्हा मळ डांबरासारखा काळा पडतो, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. या गाठींत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्याने रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. पित्तनलिका दबली तर कावीळ होते. काळी संडास म्हटले की आधी अल्सरची शंका येते. ‘पूर्वी किडनी काढली आहे’ हे डॉक्टरांना सांगायचे राहते, आणि निदान तिथेच लांबते.

एंडोस्कोपीने रक्त थांबले नाही, तर जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सूक्ष्म कणांनी किंवा धातूच्या कॉइलने बंद करतात. पोट उघडावे लागत नाही, बहुधा जागेपुरती भूल पुरते. मात्र ग्रहणीला दोन बाजूंच्या धमन्यांतून रक्त मिळते. एकच बाजू बंद केली तर दुसरीकडून स्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. जास्त वाहिन्या बंद केल्या तर आतडेच मरण्याची भीती. शिवाय तपासणीचे रंगद्रव्य उरलेल्या एकमेव मूत्रपिंडाला बाधू शकते, म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन आधी पाहतात. काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट बसवतात. या उपायांनी रक्त थांबते, कर्करोग जात नाही. त्यासाठी औषधोपचार वेगळे.

सीमाभागातल्या रुग्णांची अडचण आणखी वेगळी. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या सीमेजवळचे निपाणी हे तंबाखू आणि विडीचे गाव; धूम्रपान हे या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. बेळगावात १९६३ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. पण निपाणीला महाराष्ट्रातले कोल्हापूर अधिक जवळ, आणि मिरजेला जाण्याची वाटही जुनी. त्यामुळे शस्त्रक्रिया एका राज्यात नि रक्तस्रावाचा उपचार दुसऱ्या राज्यात, असे होऊ शकते. तेव्हा जुना बायोप्सी अहवाल व सीटी स्कॅन रुग्णाच्या घरीच असणे फार मोलाचे ठरते. उपचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्राने २०२३ साली आपली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातील सीमाभागाच्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाने त्याला आक्षेप घेतला.