कागदी सालीचा पाहुणा

बाहेरून आलेल्या रोपाचें कौतुक ओझर गांवाला नवें नाहीं. बाणगंगेच्या कांठच्या या गांवीं १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं द्राक्षांची लागवड आरंभिली, आणि पुढें साऱ्या नाशिक जिल्ह्याचें नांव द्राक्षांशीं जोडलें गेलें. काडी कोणती निवडावी, तिला मुळें कशीं फुटतात, हें येथील बागाईतदारास शिकवावें लागत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील कागदी सालीच्या वृक्षाचीं रोपें करून तीं तबकांत खुजीं वाढविण्याचा छंद या बाजूला कोणीं धरला, तर कसब कमी पडणार नाहीं. मात्र हात घालण्यापूर्वीं त्या झाडाची कुळकथा ऐकून घ्यावी.

या वृक्षवंशास लिनियसनें १७६७ सालीं 'मेलालुका' हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ काळें-पांढरें. वणव्यानें काळवंडलेलें खोड आणि वर पांढऱ्या फांद्या, असें एखादें झाड पाहून तें सुचलें असावें असें मानतात. त्याहीपूर्वीं अंबोइना बेटावर डच कंपनीच्या चाकरींत असलेल्या रुंफियसनें यांतील एका झाडाचें वर्णन लिहून ठेविलें होतें; बिचाऱ्याचा ग्रंथ छापूं लागला तो त्याच्या मृत्यूनंतर सुमारें चाळीस वर्षांनीं. त्या झाडास मलायी लोक 'कायु पुतिह', म्हणजे पांढरें लाकूड, म्हणतात. दुखऱ्या सांध्यांवर चोळण्याचें आपलें कायापुटीचें तेल तें हेंच. त्यांतील 'काये'चा आपल्या देहाशीं कांहीं संबंध नाहीं, जरी नांव ऐकून कोणासही तसें वाटेल!

याची साल वहीच्या पानांसारखी थरांथरांनीं सुटते. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांनीं तिनें झोपड्या शाकारल्या, अन्न गुंडाळून भाजलें, तान्हीं मुलें तिच्यांत निजविलीं. कुंडींतल्या झाडाला म्हातारपणाचा जो आव आणावयाचा असतो, तो ही साल थोड्या वर्षांत आपण होऊन आणते. तरीही ती बोन्सायच्या जगांत उशिरां शिरली. चीनमधून जपानांत गेलेली ही कला १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांत युरोपनें पाहिली. खुद्द ऑस्ट्रेलियांत बराच काळ पाइन आणि मेपल यांचीच चलती होती. कॅनबेरा येथें २००८ सालीं उभारलेल्या राष्ट्रीय संग्रहांत आतां तेथील देशी झाडेंही मानानें बसलीं आहेत.

रोप करणें सोपें आहे. फांदीवरचीं कठीण बोंडें कागदांत गुंडाळून ठेवावीं. वाळलीं कीं उकलतात, आणि धुळीसारखें बारीक बीं पडतें. तें बारीक वाळूवर नुसतें भुरभुरावें, वर माती घालूं नये, आणि तबक खालून पाण्यांत ठेवावें. वरून झारीनें पाणी घातल्यास सारें वाहून जाईल. पावसाळ्यांत अर्धवट पिकलेली काडीही लागते. मुळें छाटणें तें उबदार हवेंत, झाड जोमांत असतांना. झाड दलदलीचें असल्यामुळें उन्हाळ्यांत कुंडी पाण्याच्या थाळींत उभी राहिली तरी त्यास सोसतें. नाशिककडच्या चैत्र-वैशाखांत हा गुण मोलाचा.

पण हाच गुण एके ठिकाणीं फार महागांत पडला. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्लॉरिडांत यांतील एक जात शोभेसाठीं नेण्यांत आली. पाणथळ जमीन कोरडी व्हावी म्हणून एव्हरग्लेड्सच्या दलदलींत विमानांतूनही तिचें बीं टाकलें गेलें. झाड तोडा, जाळा, बोंडें वाळतात आणि लाखों बिया एकदम सुटतात. म्हणजे कुऱ्हाड हीच पेरणी ठरली. लाखों एकर पाणथळ तिनें व्यापली, आणि शेवटीं १९९७ सालीं तिच्या मायदेशाहून पानें खाणारा सोंडकिडा आणून सोडावा लागला.

ओझर ज्या निफाड तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत गोदावरीवर नांदूर-मध्यमेश्वर आहे. रामसर यादींत गेलेलें महाराष्ट्रांतील हें पहिलें पाणथळ. हिवाळ्यांत दूरदेशचे पक्षी तेथें उतरतात. फ्लॉरिडाची हवा आपल्याहून दमट, हें खरें. परंतु कालव्याच्या आणि बंधाऱ्याच्या कांठीं ओल बारमाही असते. यास्तव तबकांतल्या झाडाचीं फुलें सुकतांच, बोंडें धरण्यापूर्वीं, खुडून टाकावीं. बोंडें असलेली फांदी छाटलीच, तर ती पाटाच्या कडेला फेकूं नये. पिशवींत घट्ट बांधून ठेवावी, कारण वाळतांच तिचें बीं सुटूं लागतें.