सुरतेच्या मागांपासून पवनचक्कीपर्यंत

सोलापूरच्या माणसास गिरणीची ओळख करून द्यावी लागत नाहीं. १८७७ सालीं येथील जुनी गिरणी सुरू झाली आणि तेव्हांपासून कित्येक पिढ्यांचा दिवस या शहरांत भोंग्यानें उगवला व भोंग्यानेंच मावळला. गिरणीच्या धंद्याची चर्चा निघाली म्हणजे कापूस, मजुरी आणि बाजारभाव यांचा खल सदैव होतो. परंतु चाक फिरतें कशाच्या बळावर, हा प्रश्न बहुधा इंजिनघराच्या भिंतीआडच राहतो. पूर्वीं तें बळ कोळशाच्या वाफेचें होतें, पुढें विजेचें झालें. गिरण्या मागें पडून घरोघर यंत्रमाग आले, चादरी व टॉवेल विणूं लागले, तेव्हां हाच प्रश्न भिंतीबाहेर पडून प्रत्येक मागवाल्याच्या ओसरीवर येऊन बसला. वीज गेली कीं माग थांबतो, विणकर हात जोडून बसतो, आणि महिनाअखेरीस बिल मात्र न चुकतां येतें. सोलापुरापासून दूर, सुरतेस, एका कापडवाल्या कुटुंबासही याच प्रश्नानें गांठलें. त्यानें शोधलेल्या उत्तरांतून पवनचक्क्या बनविणारी भारतांतील एक अग्रगण्य कंपनी निर्माण झाली व तिनें आपलें बिऱ्हाड पुण्यास थाटलें. तिचें नांव सुझलॉन.

या कंपनीचे संस्थापक तुलसी तांती यांचा जन्म १९५८ सालीं राजकोट येथें झाला. सुरतेच्या कापडधंद्यांत त्यांचा जम बसत होता. परंतु विजेचा खर्च वाढता आणि पुरवठा बेभरंवशाचा, त्यामुळें हातीं येणारा नफा हातींच विरघळे. यावर उपाय म्हणून १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत त्यांनीं दोन पवनचक्क्या विकत घेतल्या. हेतु एवढाच कीं, आपल्या मागांपुरती वीज आपणच निर्माण करावी. परंतु वापरतां वापरतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ही अडचण एकट्या आपल्या कारखान्याची नव्हे. विजेच्या पायीं कासावीस झालेला दुसरा प्रत्येक कारखानदार हें यंत्र विकत घेईल. १९९५ सालीं बंधूंच्या साह्यानें त्यांनीं सुझलॉनची स्थापना केली आणि कापडाचा धंदा हळूहळू मागें पडला. गिऱ्हाइकानें दुकानांत जाऊन दुकानच थाटावें, असा हा प्रकार होता.

पवनचक्की दुरून पाहतां फार साधी दिसते. तीन पातीं, एक खांब, आणि वारा. परंतु तिच्या माथ्यावरील पेटींत काय चालतें तें पाहिल्यावांचून पुढील हकीकतीचें मर्म कळणार नाहीं. मोठ्या पवनचक्कीचीं पातीं मिनिटास पंधरा-वीस फेरे घेतात. उलट वीज उत्पन्न करणाऱ्या नेहमींच्या जनित्रास मिनिटास सुमारें १,५०० फेरे लागतात. मधली ही तफावत भरून काढण्याचें काम दांतेरी चाकांची पेटी, म्हणजे गिअरबॉक्स करते, आणि वाऱ्याचा प्रत्येक झटका प्रथम तीच सोसते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यांतील शक्ति दुप्पट होत नाहीं, आठपट होते. म्हणून पात्याचा बांक किंचित् चुकला तरी विजेचें उत्पन्न घटतें, आणि वजन चुकलें तर पातें तडकतें. वीस वर्षें ऊनपावसांत उभें राहणारें हें यंत्र कागदावरील नुसत्या आकृतीवरून कोणास बनवितां येत नाहीं. तें ज्ञान सांच्यांत असतें, चांचणीच्या वह्यांत असतें, आणि सर्वांत अधिक तें अनुभवी अभियंत्याच्या डोक्यांत असतें.

तांती यांच्यापाशीं यांपैकीं आरंभीं कांहींच नव्हतें. त्यांनीं जर्मनींतील सुडविंड नांवाच्या लहानशा कंपनीशीं तांत्रिक करार केला आणि गुजरातेंत धांक येथें पहिलीं यंत्रें उभारलीं. पुढें थोड्याच वर्षांत त्या जर्मन कंपनीचें दिवाळें वाजलें. दुसरा एखादा शिष्य गुरु गेला म्हणून हताश झाला असता. तांती यांनीं त्या बुडालेल्या कंपनींतील अभियंत्यांना आपल्याकडे घेतलें आणि त्यांच्याकरितां जर्मनींतच संशोधनकेंद्र काढलें. पात्यांची विद्याही अशाच रीतीनें मिळविली: शतकाच्या आरंभीं नेदरलंड्समधील पातीं बनविणारी एक छोटी कंपनी विकत घेतली. या खरेदींचा गाजावाजा झाला नाहीं, पण कारखान्याची खरी पायाभरणी त्यांनींच केली.

विकत घेऊन धंद्यांत शिरण्याची ही रीत सोलापूरकरांस नवी नाहीं. याच शहरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९१९ सालीं ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ हें जहाज खरेदी केलें आणि ५ एप्रिल रोजीं तें मुंबईहून लंडनला निघालें. जहाज बांधण्याची वाट पाहत ते बसले असते तर सिंधिया कंपनीचा जन्म कोण जाणे केव्हां झाला असता! मात्र जहाज विकत घेतां येतें, कप्तान व खलाशी पगारी ठेवतां येतात. पवनचक्कीचें ज्ञान इतक्या सरळपणें एका घरांतून दुसऱ्या घरांत जात नाहीं, याचा अनुभव सुझलॉनला पुढें आला.

तत्पूर्वींचीं दहा वर्षें भरभराटीचीं गेलीं. पवनचक्की घेणाऱ्यास पहिल्याच वर्षीं तिच्या किंमतीचा फार मोठा भाग घसारा म्हणून प्राप्तिकराच्या हिशोबांत वजा घालतां येई. त्यामुळें वाऱ्याशीं ज्यांचा काडीचा संबंध नाहीं असे कारखानदारही पवनचक्क्यांचे मालक बनले. सुझलॉननें त्यांचें सारेंच ओझें उचललें. जागा शोधणें, यंत्र उभारणें, पुढें वर्षानुवर्षें तें राखणें, सर्व कांहीं एकाच हातीं. कोयनेच्या जलाशयावरील वनकुसवड्याचें पठार आणि धुळें जिल्ह्यांतील ब्राह्मणवेल येथील माळ पवनचक्क्यांनीं भरून गेले तो हाच काळ. २००५ सालीं कंपनीनें आपले शेअर ५१० रुपये भावानें लोकांस देऊं केले, तेव्हां घेणाऱ्यांची झुंबड उडाली.

पैसा हातीं आल्यावर खरेदीचें मान बदललें. त्या सुमारास जगभर गिअरबॉक्सची टंचाई होती. म्हणून मार्च २००६ मध्यें बेल्जममधील हॅन्सेन ही जुनी कंपनी ४६ कोटी ५० लाख युरोंस घेण्यांत आली. पुढील वर्षीं त्याहून मोठा डाव पडला. जर्मनींतील रीपॉवर ही कंपनी समुद्रांत उभारावयाचीं प्रचंड यंत्रें बनविण्यांत अग्रेसर होती. फ्रान्सच्या अरेव्हा कंपनीनें तिच्या शेअरला १०५ युरो देऊं केले. सुझलॉननें १२६ म्हटलें. अरेव्हा १४० वर गेली. सुझलॉननें १५० ची बोली केली. मे २००७ मध्यें फ्रेंच कंपनीनें माघार घेतली. या भावानें रीपॉवरची एकंदर किंमत १२० कोटी युरोंच्या घरांत जात होती. बारा वर्षांपूर्वीं दोन पवनचक्क्यांच्या अनुभवावर निघालेल्या पेढीनें युरोपांतील बलाढ्य स्पर्धकास हरविलें, याचा अभिमान त्या वेळीं अनेकांस वाटला, आणि तो वाटणें स्वाभाविकच होतें.

परंतु लिलावांत जिंकलेली वस्तु आणि पडत्या काळांत जवळ आलेला माणूस यांत अंतर असतें. रीपॉवरचे कांहीं भागधारक आपले शेअर धरून बसले होते. जर्मन कायद्याप्रमाणें त्यांच्या हिताला बाध आणून त्या कंपनीची रोकड किंवा तिचे तांत्रिक नकाशे मालक कंपनीस खुशाल उचलतां येत नव्हते. घर घेतलें, परंतु कोठीची किल्ली मिळाली नाहीं! पूर्ण मालकी हातीं येण्यास २०११ साल उजाडलें. तोंपर्यंत खरेदीसाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज चालूच होतें, आणि मध्यंतरीं २००८ सालचें जागतिक आर्थिक संकट कोसळून गिऱ्हाइकें आटलीं होतीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत कंपनीच्या पात्यांना तडे गेल्याचें उघडकीस येऊन १,२५१ पातीं मजबूत करून देण्याचें तिला जाहीर करावें लागलें. नांवाला बट्टा लागला तो पैशांपेक्षां महाग पडला.

असा मोह एकट्या सुझलॉनलाच पडला असें नाहीं. सोलापूरच्याच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीनें २०१८ सालीं जर्मनी व नेदरलंड्स येथील कंपन्यांत मोठा हिस्सा घेतला. परदेशीं खरेदी करणें हा दोष नव्हे. दोष असलाच तर उसन्या पैशावर ती करून काळ आपल्याला अनुकूलच राहील असें धरून चालण्यांत आहे.

२०१२ च्या एप्रिलांत घसाऱ्याची सवलत बंद झाली आणि ऑक्टोबरांत सुझलॉनला २० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे रोखे फेडतां आले नाहींत. हॅन्सेनमधील हिस्सा त्यापूर्वींच टप्प्याटप्प्यानें विकून झाला होता, आणि तो व्यवहार तरी फायद्याचा ठरला होता. रीपॉवरचें तसें झालें नाहीं. सेन्व्हिऑन असें नवें नांव घेतलेली ती कंपनी २०१५ सालीं सेंटरब्रिज या अमेरिकी गुंतवणूकदार संस्थेस १०० कोटी युरोंस देऊन कर्जाचा भार कांहींसा हलका करण्यांत आला. नव्या मालकाकडेही ती तगली नाहीं. एप्रिल २०१९ मध्यें तिनें दिवाळखोरीचा अर्ज केला. सुझलॉन मात्र आणखी एकदां रोखे थकवूनही जगली. सावकारांनीं २०२० सालीं कर्जाची पुन्हां मांडणी करून दिली.

तुलसी तांती १ ऑक्टोबर २०२२ रोजीं पुण्यांत हृदयक्रिया बंद पडून वारले. शेवटपर्यंत ते भागधारकांकडून १,२०० कोटी रुपये उभारण्याच्या खटपटींत होते. त्या विक्रीचा दिवस आधींच ठरलेला होता. कुटुंबानें तो बदलला नाहीं, आणि अवघ्या दहा दिवसांनीं, ११ ऑक्टोबरला, विक्री सुरू झाली. ती पुरती पार पडली. पुढील वर्षीं आणखी भांडवल आलें व कर्ज जवळजवळ सारें फिटलें.

२०२४ सालीं कंपनीनें पुन्हां एक खरेदी ठरविली. या खेपेस जर्मनीस जावें लागलें नाहीं. कोल्हापूरकडील संजय घोडावत समूहाच्या रेनॉम या कंपनींतील शेंकडा ७६ हिस्सा ६६० कोटी रुपयांस, तोही दोन हप्त्यांनीं, घेण्याचा हा करार होता. रेनॉम पातीं बनवीत नाहीं कीं गिअरबॉक्स बनवीत नाहीं. दुसऱ्यांनीं उभारलेल्या पवनचक्क्या दुरुस्त ठेवणें, हा तिचा धंदा आहे.