सुप्याची राख

वर्गात अमेरिकेचे यादवी युद्ध शिकवीत होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्या लढाईचं आपल्याला काय?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्याला उत्तर द्यायचे तर सुप्याची हकीकत सांगणे भाग होते.

१८६१ साली लिंकनने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. त्यांची नजर मुंबईकडे वळली. भाव कित्येक पटींनी चढले. वऱ्हाड-खानदेशात पैसा खुळखुळू लागला. सुपे काही कापसाचा मुलूख नव्हे. परंतु त्या तेजीत धान्यही महागले, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळू लागली आणि पुणे जिल्ह्यातल्या कुणब्याची पत वाढली. सावकार आपण होऊन कर्ज देऊ लागला. बऱ्या दिवसांत खतावर अंगठा उठविताना कोणाचा हात थरथरतो?

१८६५ साली युद्ध संपले. कापूस कोसळला, मुंबईचा शेअरबाजार बुडाला, पुढे धान्याचे भावही उतरले. इकडे १८६७ पासून जमाबंदीची फेरपाहणी सुरू झाली होती. तेजीचे भाव डोळ्यांपुढे ठेवून सारा वाढविण्यात आला.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याला लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. लूट झाली, पण त्यांना मुख्यतः हवी होती ती खते. ती त्यांनी जाळली. दंगा गावोगाव पसरला. १८७९ साली सरकारने दक्षिणी शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तेव्हा कुठे खतामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली.

परदेशी व्यापार गरिबाला बुडवितोच, असे मी म्हणत नाही. त्या चार वर्षांत कुणब्याच्या घरात खरोखरच पैसा आला होता. पण भाव आगबोटीने येतो आणि आगबोटीनेच परत जातो. त्याच्या भरवशावर लिहिलेले खत व वाढविलेला सारा मात्र गावातच मुक्काम करतात.

मुलगा जरा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "आमच्या बापूंनी यंदा कांद्याचा भाव बघून कर्ज काढलंय."

मी काय बोलणार? उद्याचा भाव इतिहासाच्या मास्तराला सांगता येत नाही. भाव उतरला तर कर्ज कशातून फेडायचे, हे आजच ठरवून ठेवा, एवढेच बापूंना सांग, म्हणालो.