पागेतले रक्षक, काचपट्टीवरचे साक्षी

छत्रपती संभाजीनगरच्या जनतेने ज्याला ‘घाटी’ एवढ्या दोन अक्षरांत आपलेसे करून टाकले, ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली, म्हणजे मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात दाखल झाला त्याच वर्षी, सुरू झाले. अशा रुग्णालयांत एखाद्या बालकाच्या गाठीचा तुकडा तपासणीस येतो, तेव्हा निदानाचा निवाडा कित्येकदा ज्या द्रव्यावर सोपवावा लागतो, त्या प्रतिपिंडाचा पूर्वेतिहास घोड्यांच्या पागेत सुरू होतो.

रोगविषाला सरावलेल्या प्राण्याचा रक्तद्रव, त्यातील प्रतिपिंडांमुळे, दुसऱ्या प्राण्याचेही रक्षण करतो, हे बेरिंग व कितासातो यांनी १८९० साली बर्लिनमध्ये सिद्ध केले. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेगने कहर मांडला असता जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात गेली व १९२५ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. लस टोचलेल्या शरीराला प्रतिपिंडे निर्माण करण्यास अवधी लागतो, आणि सर्पदंशात तर अवधीच नसतो. म्हणून त्या प्रयोगशाळेत नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष घोड्यांना अल्प मात्रेपासून वाढवीत देऊन, त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शेतकऱ्यांच्या रक्षणार्थ रवाना होऊ लागली.

प्रतिपिंडाकडे साक्षीदाराचे काम आले ते १९४१ साली, जेव्हा अल्बर्ट कून्स यांनी त्याला चमकणारे रंगद्रव्य जोडून ऊतकातील इष्ट पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिला. परंतु जनावराच्या रक्तद्रवात अनेक प्रतिपिंडांची सरमिसळ असे. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्रतिपिंड करणाऱ्या पेशीचा कर्कपेशीशी संयोग घडवून, एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड मिळवण्याची सोय केली. ज्या अमर्याद वाढीमुळे कर्करोग भयंकर ठरतो, तीच वाढ त्याची ओळख पटवण्याच्या कामी लागली.

अशा प्रतिपिंडाने शोधण्याजोगी एक खूण पुढे हाती आली. १९८७ साली हॅरल्ड वाइनट्रॉब व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ‘मायो-डी’ हे जनुक हुडकून काढले. त्याच्यापासून तयार होणारे प्रथिन पेशीकेंद्रात बसून इतर जनुकांवर असा अंमल गाजवते, की संयोजी ऊतकाची पेशीदेखील स्नायूचा मार्ग धरते. लहान मुलांच्या ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा या कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा इतर गाठींच्या गोल, निळसर पेशींसारख्याच दिसतात. अशा वेळी मायो-डी किंवा त्याचेच भावंड मायोजेनिन यांचे प्रतिपिंड लावले असता, रासायनिक क्रियेने पेशीकेंद्रात उमटलेला तपकिरी रंग स्नायुकुळाची साक्ष देतो.

मात्र तो रंग केंद्राबाहेर पसरला, तर अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ ती साक्ष ग्राह्य धरीत नाही, आणि ज्यात हे प्रथिन निश्चित आहे अशा ऊतकाचा नमुना सोबत रंगवल्यावाचून निष्कर्ष लिहीत नाही. सर्पविषावरील औषधाचीही प्रत्येक खेप उंदरांवर कस लावूनच रवाना करण्याचा शिरस्ता होता. निदानाच्या प्रतिपिंडांसाठी पागा मागे पडली, पेशींची पैदास काचपात्रांत होऊ लागली, परंतु तो शिरस्ता या धंद्याने सोडलेला नाही.