मोबाईल ब्रॉडबँडसाठी बाह्य अँटेना

मोबाईल इंटरनेटचा सिग्नल घरात क्षीण येत असल्यास तो ग्रहण करण्यासाठी गच्चीवर, बाहेरील भिंतीवर किंवा खिडकीबाहेर बसवलेल्या आणि केबलने घरातील राउटरला जोडलेल्या अँटेनाला बाह्य अँटेना म्हणतात. अशा अँटेनात विजेवर चालणारा वर्धक नसतो. ती नवी शक्ती निर्माण करीत नाही. एका ठरावीक दिशेकडून येणाऱ्या लहरी अधिक प्रमाणात गोळा करते आणि राउटरकडून जाणाऱ्या लहरीही त्याच दिशेला एकवटून पाठवते. बाजारात ‘बूस्टर’ या नावाने मिळणारे उपकरण याहून मुळातच वेगळे आहे. ते बाळगणे, विकणे किंवा वापरणे भारतात सामान्य नागरिकासाठी बेकायदेशीर आहे.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

मराठी विश्वकोशात अँटेनासाठी ‘आकाशक’ हा शब्द योजलेला आहे. शब्द सुबक असला तरी तो बोलण्यात रुजला नाही. सिग्नललाही व्यवहारात ‘रेंज’ असेच म्हटले जाते. प्रस्तुत लेखात प्रचलित शब्द वापरले आहेत.

घरावर अँटेना उभारण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील दशकांत गावोगावच्या गच्च्यांवर, माळवदांवर व पत्र्यांवर ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांच्या अँटेना दिसू लागल्या. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात खुलताबादजवळच्या म्हैसमाळ येथे दूरदर्शनचा मनोरा आहे. एकाने गच्चीवर चढून दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आलं’, ‘गेलं’ असे ओरडून सांगायचे, ही त्या काळची पद्धत शास्त्रदृष्ट्या अगदी योग्य होती. मोबाईल ब्रॉडबँडची अँटेना आजही त्याच तत्त्वाने बसवतात. फरक इतकाच की चित्राऐवजी आकडे पाहावे लागतात.

दूरदर्शनची ती अँटेना यागी-उदा प्रकारची होती. जपानमधील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये ती मांडली. एका दांड्यावर ओळीने बसवलेल्या आडव्या काड्यांपैकी एकीलाच केबल जोडलेली असते. तिच्या मागची काडी लहरी परतवते आणि पुढच्या काड्या त्यांना दिशा देतात. काडीची लांबी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असावी लागते. त्यामुळे ८५० मेगाहर्ट्झसाठी काडी साधारण १७ सेंटीमीटरची, तर १८०० मेगाहर्ट्झसाठी ८ सेंटीमीटरची असते. दूरदर्शनची जुनी अँटेना मोबाईल राउटरला जोडून उपयोग होत नाही, याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

घरात सिग्नल का पोहोचत नाही

भारतात चौथ्या पिढीची सेवा मुख्यतः ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत दिली जाते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या पाचव्या पिढीच्या सेवेत ७०० मेगाहर्ट्झ आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढील पट्टा यांची भर पडली. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंती तुलनेने सहज ओलांडतात. अधिक वारंवारतेचे पट्टे जास्त माहिती वाहून नेतात, पण भिंतीपाशी थकतात. त्यामुळे एकाच घरात गच्चीवर वेगवान इंटरनेट आणि आतल्या खोलीत जेमतेम संभाषण, असा अनुभव येतो.

बांधकामाचा परिणाम मोठा असतो. साध्या विटांच्या भिंतीत सिग्नल काही डेसिबलनेच घटतो. लोखंडी सळ्यांच्या जाळीचा स्लॅब व जाड काँक्रीट त्याहून कितीतरी अधिक सिग्नल अडवतात आणि लोखंडी पत्रा तर लहरी जवळजवळ संपूर्ण परतवतो. मराठवाड्यातील जुन्या घरांच्या काळ्या दगडाच्या, हातभर जाडीच्या भिंती उन्हाळ्यात सुखद असल्या तरी लहरींना त्या सहज आत येऊ देत नाहीत.

सिग्नलची मोजणी डेसिबलमध्ये होते. ही मोजपट्टी गुणाकाराची आहे: ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत सुमारे दुप्पट, १० डेसिबल म्हणजे १० पट आणि २० डेसिबल म्हणजे १०० पट. मोबाईलमधील सिग्नलची तीव्रता ऋण आकड्यांत दाखवली जाते. चौथ्या पिढीच्या जाळ्यात हा आकडा उणे ८० च्या आसपास असेल तर सिग्नल उत्तम, उणे १०० च्या आसपास मध्यम आणि उणे ११५ च्या खाली गेल्यास अगदी क्षीण समजावा. मोबाईलच्या पडद्यावरील दांड्यांवर विसंबू नये. किती तीव्रतेला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते. अनेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये सेटिंगमधील सिमच्या माहितीत खरा आकडा मिळतो.

तीव्रतेइतकेच महत्त्व सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराला आहे. राउटरच्या पानावर ते ‘एसआयएनआर’ या नावाने दिसते. तीव्रता चांगली असूनही हे गुणोत्तर शून्याच्या जवळ असेल तर वेग मिळत नाही. भरलेल्या वर्गात शिक्षकांचा आवाज मोठा असूनही शेवटच्या बाकावर काही कळू नये, तसा हा प्रकार आहे.

हर्सूलसारख्या शहरसीमेवरील वस्त्या

हर्सूल हा छत्रपती संभाजीनगर शहराचा उत्तरेकडील भाग असून तो अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मध्यवर्ती कारागृह आणि हर्सूल तलाव यांमुळे तो परिचित आहे. मूळ गाव, नव्या वसाहती आणि त्यापलीकडील शेतवस्त्या येथे एकमेकींना लागून आहेत, आणि जटवाड्याच्या बाजूला डोंगर सुरू होतात. मोबाईल मनोरे दाट वस्तीत अधिक आणि विरळ वस्तीत कमी असतात. त्यामुळे शहराच्या अशा कडेला एका गल्लीत भरपूर सिग्नल आणि डोंगराच्या आडोशाला असलेल्या घरात नगण्य, असे घडू शकते. लहरी टेकडीच्या माथ्यावरून थोड्या वाकतात, पण जितकी वारंवारता जास्त तितके हे वाकणे कमी.

या गैरसोयीची झळ विद्यार्थ्यांना सर्वाधिक बसते. २०२० मध्ये कोविडच्या साथीत शाळा बंद असताना कोकणात डोंगरावर झोपडी बांधून तेथे अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांची वृत्ते प्रसिद्ध झाली होती. साथ ओसरली, तरी काम ऑनलाइनच राहिले. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. पसंतिक्रम भरण्याच्या शेवटच्या दिवशी पान उघडत नसेल, तर तो केवळ करमणुकीतील व्यत्यय राहत नाही.

अँटेनाची निवड

सर्वांगी अँटेना चारही बाजूंनी लहरी घेते. मनोरा कोठे आहे हे ठाऊक नसेल किंवा वाहनावर अँटेना बसवायची असेल तर ती सोयीची असते. मात्र ती गोंगाटही चारही बाजूंनी गोळा करते. घरासाठी बहुधा दिशिक अँटेनाच योग्य ठरते. पॅनेल अँटेना चपटी असते, तिची दिशा थोडी चुकली तरी चालते आणि एकाच पेटीत अनेक पट्टे सामावतात. यागी किंवा तिचा रुंद पट्ट्याचा भाऊबंद असलेली लॉग-पीरियॉडिक अँटेना दूरच्या मनोऱ्यासाठी वापरतात. मनोरा फारच दूर असेल तर जाळीची परवलयाकार थाळी उपयोगी पडते. या थाळीचे भव्य रूप पुणे जिल्ह्यातील खोडद येथे पाहायला मिळते. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्या आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपतात आणि मोबाईल मनोऱ्यांच्या लहरी हा त्यांच्या दृष्टीने निव्वळ गोंगाट असतो.

अँटेनाचा लाभांक ‘डीबीआय’ या एककात सांगतात. लहानशा अँटेनाच्या वेष्टनावर छापलेले अवाढव्य आकडे संशयानेच पाहावेत. लाभांक वाढवायचा तर आकारही वाढवावा लागतो.

चौथ्या आणि पाचव्या पिढीचे मनोरे माहितीचे एकाहून अधिक प्रवाह एकाच वेळी पाठवतात. ते स्वतंत्रपणे घेण्यासाठी दोन अँटेना, किंवा एकाच पेटीत काटकोनात बसवलेल्या दोन अँटेना आणि दोन केबली लागतात. मनोऱ्यावरील अँटेना सहसा दोन्ही बाजूंना ४५ अंश कललेल्या असतात, म्हणून घरावरील जोडीही तशीच कललेली ठेवणे उत्तम. एकच अँटेना जोडल्यास सिग्नलचा आकडा सुधारूनही वेग अपेक्षेइतका वाढत नाही.

राउटर घेताना त्याला बाह्य अँटेनाची जोडणी आहे का, हे आधी पाहावे. अनेक राउटरांना बाहेर दिसणाऱ्या दोन अँटेना केवळ वायफायच्या असतात. त्या काढून तेथे बाह्य अँटेना लावल्यास मोबाईल सिग्नलमध्ये काडीचाही फरक पडत नाही. आजच्या मोबाईल संचांना तर अशी जोडणीच नसते. बाजूला अँटेना ठेवल्याने किंवा पाठीवर चकती चिकटवल्याने मोबाईलचा सिग्नल वाढतो, हा प्रचार निराधार आहे.

केबल

बहुतेक निराशेचे मूळ केबलमध्ये असते. उच्च वारंवारतेच्या लहरी केबलमधून जाताना वाटेतच क्षीण होतात. आरजी-५८ प्रकारची बारीक केबल २००० मेगाहर्ट्झच्या आसपास दर मीटरला सुमारे १ डेसिबल खाते. समजा, गच्चीवर ९ डीबीआयची अँटेना बसवली आणि तळमजल्यापर्यंत अशी १० मीटर केबल आणली. अँटेनाने जे मिळवले ते सगळे केबलने गमावले, वर १ डेसिबलची तूट आली. भिंतीमुळे होणारा तोटा टळला एवढाच काय तो लाभ. तेवढ्याच लांबीची एलएमआर-४०० प्रकारची जाड केबल त्याच वारंवारतेला केवळ २ डेसिबलच्या आसपास गमावते. ती महाग आणि ताठर असते, पण पैसा खर्चायचाच असेल तर तो अँटेनापेक्षा केबलवर खर्चावा. डिश टीव्हीची उरलेली केबल वापरण्याचा मोह होतो. तिचा रोध ७५ ओहम असतो, राउटरची जोडणी ५० ओहमची असते. या तफावतीने होणारे नुकसान फार मोठे नसले, तरी जोडण्या नीट बसत नाहीत आणि जुगाड पहिल्याच पावसात उघडा पडतो.

याहून चांगला मार्ग म्हणजे राउटरच अँटेनाजवळ नेणे. पावसापासून संरक्षित पेटीत राउटर व अँटेना एकत्र बसवून खाली इथरनेट केबल आणली जाते. तीच केबल वीजही पुरवते आणि १०० मीटरपर्यंत माहिती सुखरूप पोहोचवते. २०२३ मध्ये भारतात सुरू झालेल्या जिओ एअरफायबर आणि एअरटेल एक्स्ट्रीम एअरफायबर या सेवांत गच्चीवर बसवला जाणारा बाह्य संच याच तत्त्वावर चालतो.

उभारणी

प्रथम अँटेना विकत न घेता केवळ मोबाईल घेऊन गच्चीच्या चारही कोपऱ्यांत आकडे नोंदवावेत. गच्चीवरही आकडे घरातल्याइतकेच वाईट असतील तर अँटेनापासून फारशी अपेक्षा ठेवू नये. मनोऱ्यांची स्थाने दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर पाहता येतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशेही प्रसिद्ध करावे लागतात. हर्सूलमध्ये शहर दक्षिणेला असल्याने शोध त्या दिशेने सुरू करणे स्वाभाविक आहे, परंतु सर्वांत जवळचा मनोरा सर्वांत चांगला असतोच असे नाही. मनोऱ्यावर सामान्यतः तीन दिशांना तीन स्वतंत्र अँटेनासंच असतात आणि आपले घर त्यांच्या मधल्या कोनात पडलेले असू शकते.

अँटेना १० ते १५ अंशांनी फिरवत, प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. तीव्रता आणि गुणोत्तर यांची सर्वोत्तम दिशा वेगवेगळी आली तर गुणोत्तराचे ऐकावे.

दांडा उभारताना वरून जाणाऱ्या वीजवाहिनीपासून पुरेसे अंतर राखावे. धातूचा दांडा तोल जाऊन तारेवर पडल्यास तो प्राणघातक ठरतो. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा मोठ्या प्रमाणावर पडतात. त्यामुळे दांड्याला भूसंपर्क द्यावा, केबलवर वीजरोधक बसवावा आणि ढग जमताच केबल राउटरपासून काढून ठेवावी. केबल राउटरपासून काढून ठेवण्याचे काम गडगडाट सुरू होण्यापूर्वी करायचे असते. विजेची पूर्वसूचना पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ ॲपवर मिळते.

केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी आत न येता तेथूनच टपकते.

बूस्टर आणि कायदा

बूस्टर किंवा रिपीटर हे बाहेरचा सिग्नल घेऊन तो वर्धित करून घरात पुन्हा प्रक्षेपित करणारे उपकरण आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये जाहीर केलेल्या सूचनेनुसार परवानाधारक सेवादात्यांव्यतिरिक्त कोणीही ते बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदेशीर आहे. खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर ते सहज दिसते म्हणून ते वैध ठरत नाही.

या निर्बंधाला सबळ कारण आहे. स्वस्त बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि एका कंपनीपुरता न राहता संपूर्ण पट्ट्यात ढवळाढवळ करतो. त्याच्या आतील व बाहेरील अँटेना एकमेकींचे ऐकू लागल्या तर, ध्वनिक्षेपकासमोर मायक्रोफोन धरल्यावर उठते तशी शिट्टी लहरींच्या रूपात उठते आणि मनोऱ्याचे कान बधिर होतात. आपल्या घरात रेंज आली, पण आळीतल्या दुसऱ्या कोणाचा रुग्णवाहिकेसाठीचा फोन लागला नाही, अशी स्थिती त्यातून उद्भवू शकते. वर्धक नसलेली अँटेना राउटरच्या मूळ शक्तीवरच काम करीत असल्याने तिच्यापासून असा उपद्रव होत नाही.

मर्यादा

संध्याकाळी आठ ते अकरा या वेळेत वेग घटतो आणि पहाटे तो पूर्ववत होतो, असे दिसल्यास अडचण सिग्नलची नसून गर्दीची असते. मनोऱ्याची क्षमता सर्व ग्राहकांत वाटली जाते आणि अँटेनाने ती वाढत नाही. फार तर अँटेना दुसऱ्या, कमी गर्दीच्या मनोऱ्याकडे वळवता येते. तक्रार केवळ संभाषणाची असेल आणि घरात तारेने येणारे इंटरनेट असेल तर वायफाय कॉलिंग पुरेसे होते. फायबर उपलब्ध असल्यास स्थिरतेच्या बाबतीत अँटेना त्याची बरोबरी करू शकत नाही.

एकदा बसवलेली अँटेना कायमची तशीच राहते असे नाही. सेवादाते मनोऱ्यांची मांडणी व पट्टे बदलतात, समोर नवी इमारत उभी राहते, झाड वाढते, वानरे दांड्यावर झोके घेतात. पावसाळ्यानंतर जोडण्यांवरील गंज पाहून एकदा दिशेची फेरतपासणी करावी लागते.